टेस्ट प्लेटवरची चार अक्षरं

आधीच कबूल करून टाकते, जे झालं ते माझ्यामुळे झालं. कारखान्यातल्या शॉपमध्ये अजून कधी विषय निघाला की सगळे मोठ्या मनानं म्हणतात, "जाऊ द्या मॅडम, कुणाला काय माहीत होतं!" अहो, कुणाला नसेल, पण मला माहीत असायला हवं होतं. तेवढ्याचसाठी तर मला तिथं खुर्ची दिलीय.

नगरच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात मी दाबाच्या टाक्यांचं डिझाइन करते. जिल्ह्याचं नाव बदललं तरी माझ्या तोंडात नगरच बसलंय. दाबाची टाकी म्हणजे काय, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, आपला कुकरच, फक्त खोलीएवढा. डिझाइन म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी थोर करत असेल. छे! दिवसभर मी प्रश्नांना उत्तरं देते. "मॅडम, बाराची प्लेट संपली, दहाची चालेल का?" "मॅडम, हा पाइप शिडीच्या आड येतोय, वीतभर सरकवू का?" "मॅडम, तुम्ही काढलंय तिथं पाना फिरत नाही, जरा येऊन तुम्हीच फिरवून दाखवा." हा शेवटचा टोमणा असतो आणि बहुतेक वेळा खरा असतो.

या सगळ्या प्रश्नांत एक मोठा प्रश्न असतो, तो मात्र मला कुणी विचारत नाही, माझा मीच सोडवायचा असतो. टाकी अखंड नसते. प्लेट गोल वाकवायची आणि कडेला कड लावून वेल्डिंगनं जोडायची. मग त्या जोडावर भरवसा किती ठेवायचा? सगळ्या जोडाचा एक्स-रे काढणार असाल तर जोड प्लेटइतकाच मजबूत धरता येतो. थोड्याच भागाचा काढणार असाल तर शंभरातले पंच्याऐंशी धरा. काहीच काढणार नसाल तर सत्तर. भरवसा जितका कमी, तितकी प्लेट जाड घ्यायची, टाकी तितकी जड. नियम असा कोरडा आहे. त्यात वेल्डर कोण आहे, हे विचारत नाहीत.

मी मात्र विचारायची. आमचे जुने वेल्डर, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, त्यांचा हात लागणार असेल तर मी निर्धास्तपणे जोड पूर्ण धरायची. मिस्त्री मिरजगावकडचे. बोलणं बेताचं, तंबाखू नाही, दुपारी डबा खाऊन बरोब्बर दहा मिनिटं पाठ टेकायची. तीस वर्षं आमच्या शॉपमध्ये काढली त्यांनी आणि तीस वर्षांत त्यांचा एकही जोड उकरला गेला नव्हता. वेल्डरच्या दुनियेत जोड उकरणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. एक्स-रेत दोष दिसला की त्या माणसाचं काम सगळ्यांदेखत जाळून काढतात आणि पुन्हा भरतात. चांगल्या चांगल्या वेल्डरवर ही पाळी येते. मिस्त्रींवर आली नव्हती. स्वतःबद्दल एवढं एकच वाक्य ते कधीमधी बोलायचे, "आपला अजून उकरला न्हाई."

त्यांची शेवटची टाकी अमोनियाची होती, एका दूध प्रकल्पाच्या शीतगृहासाठी. सोळा मिलिमीटरची प्लेट, जोड अर्थातच पूर्ण धरलेला. अमोनियाची असल्यानं वेल्डिंग झाल्यावर टाकी अख्खी भट्टीत घालून तापवायची होती आणि गिऱ्हाइकाला टेस्ट प्लेट हवी होती. म्हणजे असं, की टाकीचा लांब जोड भरताना त्याच्या शेवटाला त्याच प्लेटचे दोन तुकडे लावायचे. वेल्डर एका दमात टाकीचा जोड भरतो आणि तसाच पुढं जाऊन तुकड्यांचाही भरतो. मग तो तुकडा सुटा करून टाकीबरोबर भट्टीत पाठवायचा. भट्टीतून आला की त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि घोड्याच्या नालासारख्या वाकवायच्या. जोड फाटला नाही तर टाकीचा जोडही चांगला. टाकी कापून बघता येत नाही, म्हणून ही सोय. शहाणा माणूस या तुकड्याची लांबी थोडी जास्त ठेवतो, न जाणो परत चाचणी करावी लागली तर. मी ठेवली नाही. मिस्त्रींचा जोड, कशाला लागतंय, असं म्हणून मोकळी झाले.

मिस्त्रींच्या निवृत्तीच्या निरोपाचा दिवस आणि टाकी भट्टीतून परत यायचा दिवस एकच निघाला. सकाळी ट्रक रिकामा झाला, दुपारी खुर्च्या मांडल्या. फेटा, शाल, नारळ, समोसे, सगळं साग्रसंगीत. मिस्त्रींबरोबर त्यांच्या पत्नी, काकू, आल्या होत्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शॉप बघितलं. नवी साडी, डोक्यावरून पदर, आणि एवढ्या मोठाल्या टाक्यांकडं बघताना तोंड उघडं. "हे समदं ह्यांनी केलंय व्हय?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

भाषणं झाली आणि कुणीतरी टूम काढली, काकूंनी नाव घ्यावं. काकूंनी आढेवेढे घेतले, मग खाली बघत भरभर घेऊन टाकलं. टाळ्या पडल्या. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कसली बसतेय! उभी राहून म्हटलं, "नेहमी बायकांनीच काय म्हणून? आज मिस्त्रींनी घ्यायचं. काकूंचं नाव घेतल्याशिवाय आम्ही त्यांना गेटबाहेर सोडणार नाही." मग काय, सगळ्यांनी तेच लावून धरलं. मिस्त्रींचे कान लाल झाले. फेट्याची कड चाचपत म्हणाले, "मॅडम, मला बोलता येत न्हाई. मला येतं ते एकच."

त्यांनी फेटा काढून काकूंच्या मांडीवर ठेवला आणि वेल्डिंगचा होल्डर मागितला. लिहायला तुकडा हवा होता. माझ्या पायाशीच टेबलाखाली एक पडला होता, मधोमध जोड असलेला, राखाडी झालेला. आमच्याकडं वेल्डरांच्या सरावाचे असे ढिगानं पडलेले असतात. मी बोट दाखवलं, "हा घ्या." मिस्त्रींनी तो पायानं जरा पुढं ओढला आणि मला विचारलं, "कशातला हाय मॅडम?"

"भंगारातला आहे हो, करा बिनधास्त!"

त्यांनी विचारलं होतं. हेच मला सलतं. टाकीचा नंबर ठोकलेली बाजू जमिनीकडं होती, उलटवून बघायला दोन सेकंद लागले असते. त्यांनी उलटवला नाही, कारण मी सांगितलं होतं. मी सांगितलं, कारण मला माझ्याच गमतीची घाई झाली होती.

मिस्त्रींनी जोडाचीच शिरोरेषा केली आणि तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं. चार अक्षरं. काय सुबक, जणू छापलेली! काकूंची शाळा दुसरीत सुटलेली. त्यांनी बोट हवेत धरून एकेक अक्षर वाचलं आणि चौथं वाचून झाल्यावर म्हणाल्या, "गरम हाय का अजून?" निवेपर्यंत त्या तिथंच उकिडव्या बसून राहिल्या, मग हात लावून बघितला. पंधरा किलोचं ते धूड दोघांनी उचलून कंपनीच्या टेम्पोत ठेवलं. आमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी इन्स्पेक्टर आले आणि म्हणाले, "टेस्ट प्लेट दाखवा."

शोधाशोध झाली. स्टोअर म्हणे शॉपमध्ये, शॉप म्हणे तपासणी विभागाकडं. मग भट्टीवाल्याचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "टेबलाखाली सरकवून ठेवली होती की मॅडम, निरोपाची गडबड होती म्हणून." मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इन्स्पेक्टर वयानं माझ्याएवढेच, भला माणूस. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "आता काय करायचं?"

भट्टीनंतर अक्षरांच्या वेल्डिंगनं पुन्हा तापलेली ती प्लेट चाचणीला चालणार नव्हती. ठरलं असं, की त्याच मालाच्या शिल्लक प्लेटवर नवी टेस्ट प्लेट करायची. पण वेल्डर तोच हवा. मी मिस्त्रींना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. रिटायर झालेला माणूस जुनाच खाकी शर्ट घालून आला होता. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "असू द्या. तासाभराचं काम हाय."

त्या तासाभरात सगळं शॉप त्यांच्यामागं उभं होतं, मीसुद्धा. कुणालाच जागेवर राहवत नव्हतं. इतक्या वर्षांत मिस्त्रींना असं कुणी बघत उभं राहिलं नव्हतं. मध्ये एकदा त्यांनी थांबून उजवा डोळा चोळला. पुढं ते चोळणं कितीतरी जणांना आठवलं.

नवी प्लेट भट्टीतून आठवड्यानं आली. दोन पट्ट्या वाकवल्या. एक छान वाकली. दुसरी वाकताना जोडाच्या कडेला तोंड उघडून बसली. नियमानं अजून दोन घेता येतात, घेतल्या. पुन्हा एक उघडली. मशीन बंद केल्यावर कुणी कुणाकडं बघेना. आणि मग जे व्हायचं तेच झालं, दुपारच्या चहाला कुजबुज सुरू झाली. "डोळा गेला वाटतं मिस्त्रींचा." "मोतीबिंदूच म्हणत होते ना?" "मग टाकीचा जोड तरी कुणाच्या भरवशावर धरायचा?" दोन आठवड्यांपूर्वी फेटा बांधणारे हेच लोक!

टाकीच्या जोडाचे एक्स-रे स्वच्छ होते, ते मी इन्स्पेक्टरांपुढं टाकले. ते म्हणाले, "एक्स-रेत कडेचं चिकटलं न चिकटलं नेहमी दिसतंच असं नाही, मॅडम. तुम्हाला सांगायला नको." नकोच होतं. टेस्ट प्लेट नापास, तर ती ज्या जोडाची, तो जोड नापास. लांब जोड उकरायचा, दुसऱ्या वेल्डरनं भरायचा, नवी टेस्ट प्लेट, पुन्हा भट्टी.

मी हातपाय मारून बघितले. हिशेब नव्यानं मांडला. जोड पंच्याऐंशी धरला तर प्लेट अठराच्या वर जात होती आणि आमची सोळाची. दाब कमी लिहून द्यावा तर अमोनियाचा दाब उन्हाळ्यात किती चढेल ते माझ्या हातात नाही, ते नगरचं ऊन ठरवतं. गिऱ्हाइकानं नाही म्हटलं आणि त्याचं बरोबर होतं. तीन दिवस मी त्याच चार आकड्यांभोवती फिरत राहिले. इतकी वर्षं मी लोकांना उत्तरं देत आले आणि आता स्वतःपुरतं एक उत्तर मिळेना.

शेवटी इन्स्पेक्टरांनीच वाट काढली. म्हणाले, "ती जुनी प्लेट आणा. वरची अक्षरं घासून काढू, त्यांच्या खालचा चार मिलिमीटर पापुद्रा मशीनवर उतरवू. उरलेल्या जाडीतून पट्ट्या निघतील. तिथवर नव्या वेल्डिंगची धग पोचलेली नसणार. मी जबाबदारी घेतो." याहून जास्त कुठला इन्स्पेक्टर करतो? खरा साक्षीदार तो तुकडाच होता, टाकीबरोबर एका दमात भरलेला. तो वाकला असता तर मिस्त्रींचा जोड वाचला असता.

मी मिरजगावला गेले. हायवे सोडून आत दोन गल्ल्या, पत्र्याची पडवी. प्लेट टीव्हीशेजारी स्टुलावर उभी होती, खाली विणलेला रुमाल. ती गंजू नये म्हणून काकू तिला रोज खोबरेल लावत होत्या. अक्षरं चकचकत होती. मी चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग एकदाचं सांगितलं. सगळं, घासण्यासकट.

काकू उठून पदरानं प्लेटचं तेल पुसायला लागल्या. "न्या मॅडम," त्या म्हणाल्या. "लोक काय बी बोलत्यात ह्यांच्याबद्दल. माझं काय, मला कळलंय त्यात काय लिवलंय ते."

"हात लावायचा न्हाई तिला," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ऱ्हाऊ दे ती तशीच."

"आवं पन तुमचा जोड—"

"उकरू दे. तीस वर्सं जोडच केले. हिच्यासाठी काय केलं, सांगा मॅडम? हे येवढंच. आन ते बी घासून टाकू? न्हाई जमायचं."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचा आजवर एकही उकरला नाही."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी मला विचारलं, नोकरीवर काही आलं नाही ना माझ्या. मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझाच. माझी चूक, आणि हा माणूस माझी काळजी करतोय. मी काकूंकडं बघितलं, त्या मिस्त्रींकडं बघत होत्या. चहा संपवून मी उठले. काकूंनी पिशवीत शेंगा घालून दिल्या.

पुढच्या आठवड्यात जोड उकरला. आमच्याकडं ते काम कार्बनच्या कांडीनं आणि हवेच्या झोतानं करतात. धातू वितळून उडतो, कानठळ्या बसतात, धूर सगळ्या शॉपभर पसरतो. करणारा वेल्डर मिस्त्रींच्याच हाताखाली तयार झालेला. हातभर उकरायचं, ग्राइंडर मारायचा, लाल रंग लावून पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. कुठं भेग असेल तर लाल रेघ वर येते. मी सकाळपासून तिथून हलले नाही.

पहिला हात पांढराशुभ्र, दुसराही तसाच. अर्ध्या लांबीवर त्या वेल्डरनं डोक्यावरचं हेल्मेट मागं केलं आणि मला म्हणाला, "मॅडम, काहीच नाही हो यात." पार मुळापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल ठिपका आला नाही. कडासुद्धा दोन्ही बाजूंनी एकजीव. आणि जसजसं आम्ही हे बघत होतो तसतसं ते धूर होऊन जात होतं. बघून झालेलं परत जागेवर ठेवता येत नव्हतं.

इन्स्पेक्टरही वाकून बघत होते. मी त्यांना विचारलं, "जोड निर्दोष निघाला, असं लिहाल का?"

"कुठं लिहू?" त्यांनी फाइल माझ्यापुढं धरली. मी सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. टेस्ट प्लेट नापास. जोड काढला. नवीन जोड, वेल्डरचा नंबर. बस्स. ते पुन्हा म्हणाले, "खरंच सांगा, कुठं लिहू?" त्यांनाही वाईट वाटत होतं, म्हणून तर चिडले होते.

मग दुसरी प्लेट का फाटली? मला आजही ठाऊक नाही. डोळा असेल. त्या दिवशी शटर उघडं होतं, वारं असेल. किंवा आम्ही तीसजण मागं उभे होतो, ते असेल. टाकी पुन्हा भरली, पास झाली, गेली. आता ती कुठंतरी दूध गार ठेवतेय.

मला राहवलं नाही. टाकी गेली त्या संध्याकाळी गेटबाहेर उभी राहून मी मिस्त्रींना फोन लावला. वाटलं, कागदावर नसेना का, निदान त्या माणसाला तरी कळू दे. मी एका दमात सांगितलं, की मिस्त्री, आम्ही सगळ्यांनी बघितलं, तुमचा जोड आतून सोन्यासारखा होता, कुठं म्हणून डाग नव्हता.



"लिवलंय का तसं कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. तसं लिहायला जागाच नसते."

"मॅडम," ते म्हणाले, "डोळ्यामुळं बिघडला असंल, उकरला ते बरंच झालं, असं सांगून म्या हिची समजूत घातली हुती. मलाबी पटत आलं हुतं. तेवढं तरी राहू द्यायचं हुतं."